विमल, तुझा ठराव माझ्या कपाटात होता

विमल,

तुझ्या पुण्यानुमोदनाला विहारासमोरचा मांडव पुरला नाही. माणसं रस्त्यावर बसली, हापशीच्या ओट्यावर बसली, काही तर शाळेच्या भिंतीला टेकून उभीच राहिली. मी सरपंच म्हणून पुढच्या खुर्चीवर होते. अंगावर पांढरं लुगडं, तेही जावेकडून मागून आणलेलं. तुझ्या फोटोला फूल वाहिलं, खाली बसले आणि लगेच मान वळवून मागे पाहिलं. कोण कोण आलंय ते पाहायला. नदीपलीकडून माणसं आली होती. तहसीलमधला शिपाई आला होता, जो मला अजून ओळखत नाही. वरच्या टोल्यावरच्या, त्या लांबच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या बाया काठ्या टेकत आल्या होत्या. माझ्या मनात आलं, माझ्या मयताला यातले किती येतील? मेलेल्या बाईचा कोणी हेवा करतं का? मी करत होते. तिथंच, तुझ्या फोटोसमोर बसून.

मग माझं भाषण झालं. मुख्याध्यापकांनी लिहून दिलं होतं. 'विमलबाईंनी समाजाची निःस्वार्थ सेवा केली' असं मी वाचलं. तू असतीस तर पदराआड हसली असतीस. म्हणाली असतीस, "निःस्वार्थ कायची बाप्पा? मले तं मजा येत होती." लोकांनी डोळे पुसले. मी कागदाची घडी घातली आणि मला कळलं, यात माझं एकही वाक्य नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे.

आपण दोघी एकाच उन्हाळ्यात या गावात लग्न होऊन आलो. तू विहाराकडच्या आळीत, मी पाटलाच्या घरात. हापशीवर पहिली ओळख झाली. माझा दांडा खाली जाईना, तू हात लावलास आणि म्हणालीस, "जेवत जाय ना. पाटलाच्या घरी येऊन उपाशी मरशीन." तू बारावी झालेली, ब्रह्मपुरीच्या कॉलेजात वर्षभर बसलेली. मी नववी. तू पेपर वाचायचीस तेव्हा ओठ हलायचे नाहीत. माझे अजून हलतात. मला आठवतंय, मी घरी जाऊन आरशासमोर ओठ मिटून वाचायची सवय करत होते. हेवा तिथून सुरू झाला असं म्हटलं तरी चालेल.

तू एकदाच आमच्या घरी चहा प्यालीस. सासूबाईंनी तुला कप दिला तो आमच्या कपांतला नव्हता, तो गोठ्याच्या कोनाड्यातला होता. तुला कळलं. तू चहा पूर्ण प्यालीस, कप स्वतः विसळलास, उपडा ठेवलास आणि "येते बाई" म्हणून गेलीस. मी चुलीजवळ उभी होते. एक शब्द बोलले नाही. त्यानंतर तू कधी आत आली नाहीस, अंगणातूनच हाक मारायचीस. आणि मी तुझ्या घरी येऊन पोटभर जेवायचे. हे आपण कधीच बोललो नाही. चोवीस वर्षं.

मग सरपंचाची खुर्ची बाईसाठी राखीव निघाली. आमच्या घरी बैठक झाली, मी उभी राहणार हे मला नंतर सांगण्यात आलं. तूही उभी राहिलीस. प्रचाराला तू घरोघर गेलीस, तुझा नवरा देवराज सायकल हातात धरून मागे मागे. माझ्या प्रचाराला मी सोडून सगळे गेले. मी निवडून आले. गुलाल माझ्या डोक्यात इतका होता की तीन दिवस पाणी लाल निघत होतं. तू अंगणात आलीस, म्हणालीस, "चांगलं झालं सुनंदा. आता काम सांगत जाईन तुले." तुझ्या आवाजात काही खोट नव्हती. मला ती हवी होती. तू थोडी तरी जळायला पाहिजे होतीस.

कारण जिंकूनही माझ्याकडे कोणी आलंच नाही. सरपंचाचा फोन ह्यांच्या खिशात, सरपंचाचा शिक्का ह्यांच्या बॅगेत. आणि रेशन कार्डातून नाव कमी झालं, डुकरानं धान उकरलं, घरकुलाच्या यादीत चुलत्याचं नाव आलं आणि आपलं राहिलं, असलं काही झालं की माणूस तुझ्या छपरीत. शिलाई मशीन एका बाजूला सारून तू अर्ज लिहायचीस. मी पंचायतीत बसलेली असायचे, खिडकीतून ते दिसायचं. मी मारे सरपंच, आणि गाव तुझ्या दारात.

आता त्या ग्रामसभेचं. तुला आठवतच असेल, स्वातंत्र्यदिनाची ग्रामसभा होती. झेंडा झाला, लेकरं बुंदी घेऊन गेली, आणि तू उभी राहिलीस. फाट्यापासून गावापर्यंत तीन किलोमीटर, दोन्ही बाजूंनी जंगल. सातवीनंतर पोरींना फाट्यापर्यंत पायी जावं लागतं, तिथून काळीपिवळी जीप मिळाली तर शाळा. यष्टी गावात आणा म्हणून तू दोन वर्षं डेपोच्या खेपा घालत होतीस. डेपोवाले म्हणाले होते, ग्रामसभेचा ठराव आणा.

तू प्रश्न मला विचारलास. उत्तर ह्यांनी द्यायला सुरुवात केली. रस्ता अरुंद आहे, वळायला जागा नाही, वगैरे. तू थांबवलंस.

"मले एक सांगा. आपल्या गावाचा सरपंच कोण हाय? प्रश्न मी बाईले इच्यारून राह्यली, उत्तर भाऊ देऊन राह्यले."

लोक हसले. बायका सगळ्यांत जास्त हसल्या.

"बाई, तुमीच सांगा," तू माझ्याकडे वळलीस. चारचौघांत तू मला 'तुमी' म्हणायचीस. "पोरीयले गाडी पाह्यजे का नाई?"

"पाह्यजे," मी म्हटलं. त्या अख्ख्या सभेतला माझा एवढाच शब्द. ठराव मंजूर झाला.

घरी आल्यावर हे म्हणाले, "तुही मैत्रीण मले गावासमोर उघडा पाडते." मला ह्यांच्या अपमानाचं काही वाटलं नव्हतं. मला राग वेगळ्याचा आला होता. जे वाक्य मी दोन वर्षं मनात घोळवत होते, माझ्याच घरात म्हणायचं होतं, ते तू सहज उठून म्हणून टाकलंस. माझं वाक्य होतं ते, विमल. तू घेतलंस. आणि बायका तुझ्यासाठी हसल्या.

दुसऱ्या दिवशी तू ठरावाची नक्कल घ्यायला आलीस. सचिवांची सही झालेली होती, माझी राहिली होती.

"सही कर सुनंदा, मी आजच नेऊन देते डेपोत."

"ह्यायले दाखवाचं हाय. उद्या ये."

उद्या आलीस तेव्हा सांगितलं, सचिव आले नाहीत. परवा सांगितलं, शिक्का सापडत नाही. कागद घरी नेला आणि कपाटात, लुगड्यांच्या घडीखाली सारला. ह्यांना मी सांगितलं नव्हतं. ह्यांनी मला अडवलंही नव्हतं. हे माझं एकटीचं काम होतं. सरपंच झाल्यापासून एवढं एकच मी स्वतःच्या मनानं केलं होतं, आणि ते हे.

धान कापणी झाली. थंडीत नाल्याच्या पुलाजवळ वाघानं भरदिवसा गाय मारली. वनखात्याची माणसं येऊन बोर्ड लावून गेली, एकट्यादुकट्यानं जाऊ नका म्हणाली. गावातल्या पाच पोरी घरी बसल्या. माझी पोरगी ब्रह्मपुरीला मामाकडे शिकत होती, तिचं काही अडलं नाही. तू काय केलंस, तर सकाळी थाळी आणि लाटणं घेऊन निघालीस. तू पुढे थाळी वाजवत, पाच पोरी मागे, फाट्यापर्यंत. मी दारातून पाहायचे. तुझ्या जिवाची भीती वाटायला पाहिजे होती मला. पण मी पाहत होते ते पोरींचे हात. एकीनं तुझा पदर धरलेला, एकीनं बोट. माझ्या हाताला गावातलं कोणतं लेकरू कधी लोंबकळलं?

पंधरा दिवस तू ते केलंस. मग तुझ्याच्यानं झालं नाही. शिलाई पडून होती, सासऱ्याला दवाखान्यात न्यायचं होतं. पोरी पुन्हा घरी बसल्या. त्यातल्या पायलची आई मिरची तोडायला तेलंगणात निघाली तेव्हा पंचायतीसमोर टेम्पो उभा होता. मी तिला विचारलं, पोरीले काऊन नेतेस? ती म्हणाली, "घरी एकटी ठिऊन काय करू बाई? शाळा तं बंदच हाय हिची." पायल टेम्पोत चढली. दप्तराची पिशवी होती तिच्या हातात, त्यात कपडे भरले होते. मी आत गेले.

पाच महिने तो कागद माझ्याकडे होता. मग जिल्हा परिषदेच्या निवडणुकीचं वारं सुटलं. आमदाराच्या माणसाचा ह्यांना फोन आला, साहेबांना तुमच्या गावात गाडी सुरू करायची आहे, ठराव आहे का? ह्यांनी मला विचारलं. मी उठले, कपाट उघडलं, लुगड्यांखालून कागद काढला आणि उभ्या उभ्या सही केली. मिनिटही लागलं नाही. पंधरा दिवसांत गाडी आली. त्याच पंधरा दिवसांत गाडीला वळायला जागा पण झाली.

नारळ मी फोडला. पेपरात फोटो आला, आमदारसाहेब, हे आणि हार घातलेली मी. तू मागे पोरींत उभी होतीस, फोटोत तुझा फक्त खांदा आहे. पण गाडी हलली तेव्हा चारही पोरी खिडकीतून ओरडल्या, "मावशी, चाल ना! चाल ना मावशी!" आणि तू धावत चढलीस. फाट्यापर्यंत गेलीस आणि पायी परत आलीस, नव्या नवरीसारखी लाजत. मी अजून मांडवात उभी होते. हाराचा दोरा मानेला टोचत होता.

चार पोरी होत्या, पाच नव्हत्या. पायल महिनाभरानं आली. हाताची आग होते म्हणून ताकात हात बुडवून बसायची म्हणे. तोवर तिचं वर्ष गेलं होतं. पुढच्या वर्षी आईनं पाठवलंच नाही. तू तीनदा तिच्या घरी गेलीस, मला ठाऊक आहे.

मला मात्र तू काही विचारलं नाहीस. भांडली असतीस तर मीही भांडले असते, आपलं फिटलं असतं. तू पूर्वीसारखीच अंगणात उभी राहून बोलायचीस. मी समजले, तुला माहीत नाही.

मग त्या दिवशी पंचायतीच्या व्हरांड्यात. निराधारच्या पगारासाठी सात-आठ बाया बसल्या होत्या, माझ्याच खिडकीखाली, आणि तू त्यांचे फॉर्म भरत होतीस. माझ्या पंचायतीत, माझ्या ओट्यावर. मी बाहेर आले.

"विमल, तू या बायायले फॉर्म भराले शिकवत काऊन नाई? मुद्दामच ना? शिकल्या तं तुह्या दारी कोण येईन? लोकायले तुही गरज नाई, तुले लोकायची गरज हाय."

तू पेन थांबवलंस. माझ्याकडे पाहिलंस. आवाज चढवला नाहीस.

"फॉर्म तं मी शिकवीन सुनंदा. पन कपाटातला कागद कोण काढीन?"

एवढंच. बायांना काही समजलं नाही. मला समजलं. तुला कुठून कळलं, ते मला आजवर ठाऊक नाही. मी आत येऊन खुर्चीवर बसले. पण माझंही तुला लागलं होतं. मी खिडकीतून पाहिलं, तू उरलेले फॉर्म तसेच ठेवून उठून गेलीस. ते भांडण तिथंच राहिलं. माझी चूक होती, पण माझं म्हणणं खोटं नव्हतं, विमल. तुला आवडायचं ते. म्हातारी बाई दारात आली की तुझा चेहरा कसा उजळायचा! तुला सोडून कोणाला काही येत नव्हतं आणि तुला ते शिकवायची घाई नव्हती. हे मी आता म्हणते आहे, तू उत्तर देऊ शकत नाहीस तेव्हा. हिंमत माझी एवढीच.

तू आजारी पडलीस, तुला दवाखान्यातून घरी आणलं, तेव्हा मी आले. एक वाक्य तयार करून आणलं होतं, रस्ताभर म्हणत आले. तुझ्या खोलीत अकरा माणसं होती. कोणी पाय दाबत होतं, कोणी पपई कापत होतं, एक म्हातारा तर त्या अवस्थेत तुला सातबाऱ्याचं विचारत होता. मला बसायला जागा नव्हती. मला राग आला. म्हटलं, मरायला टेकली तरी ही माझ्यासाठी मोकळी नाही.

"सुनंदा," तू म्हणालीस. "गाडी टायमावर येऊन राह्यली का?"

"येते."

"बस मंग."

मी निघाले तेव्हा तू हात धरलास. हात तापलेला होता. "अजून ये," म्हणालीस. "लोक कमी असतीन तवा."

मी दुसऱ्या दिवशी आले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मान राखायचा होता ना मला! बोलावलं की लगेच धावत कशी जाऊ? चौथ्या दिवशी पहाटे देवराजभाऊ आमच्या अंगणात उभे होते.

आता तुझं छपरीतलं मशीन झाकून ठेवलंय आणि माणसं पंचायतीत येतात. हातात कागद धरून उभी राहतात. "विमलबाई राहती तं..." एवढं म्हणतात आणि थांबतात. कोणता फॉर्म, कोणती खिडकी, कोणाला काही माहीत नाही. मी म्हटलं होतं तसंच झालं. खरं ठरल्याचा आनंद व्हायला पाहिजे होता. पहिल्या आठवड्यात मी दोन फॉर्म बिघडवले, एका म्हातारीचं नाव तिच्या सासूच्या रकान्यात लिहिलं. हे म्हणाले, "तू काऊन करतेस? ऑपरेटर हाय ना." ऑपरेटर आठवड्यातून दोनदा येतो. मी तिसरा फॉर्म काढला.

गेल्या सोमवारी पायल आली. सतरा वर्षांची झाली, विमल. तुझ्याएवढी उंच.

"बाई, दहावीले बाहेरून बसाचं हाय. सतरा नंबरचा फॉर्म. मावशी नेणार होती मले."

तिनं शाळा सोडल्याचा दाखला पुढे केला. शाळा सोडण्याचं कारण लिहिलं होतं, सतत गैरहजर. मी ते ओठ हलवत वाचलं. दोनदा. दाराबाहेर माणसं होती, त्यांना ऐकू जाईल हे मला दिसत होतं.

"पायल, त्या वर्षी गाडीचा ठराव माह्या कपाटात होता. पाच महिने. मी मुद्दाम ठेवला होता."

तिनं डोळे खाली केले नाहीत. "मले मालूम हाय."

"कोनं सांगतलं?"

"मावशीनं. म्हनली, सरपंचबाईचा राग माह्यावर होता, तुह्यावर नाई."

मला वाटलं, तू मला सोडवलंस. जाता जाता पोरीला समजावून गेलीस. उलट आणखी जळले मी, इथंही तूच मोठी ठरलीस. तेवढ्यात पायल म्हणाली,

"मंग मिरच्या मी काऊन तोडल्या, बाई?"

तुझ्याकडे तरी उत्तर होतं का याचं? मला सांग. पायल त्यासाठी थांबली नाही. दाखला माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "उद्या शेवटची तारीख हाय."

सकाळी ह्यांनी गाडीची किल्ली पुढे केली. मी म्हटलं, यष्टीनं जाते. नारळ फोडल्यापासून एकदाही मी त्या यष्टीत बसले नव्हते. पायल आधीच येऊन उभी होती. पोरी चढल्या, मग आम्ही. मी बसले, पायल माझ्याजवळ बसली नाही, समोरच्या सीटवर जाऊन बसली. दाखल्याची पिशवी मात्र तिनं माझ्या मांडीवर ठेवली.

कंडक्टर नवा होता. मला ओळखत नव्हता. मशीन हातात धरून त्यानं सहज विचारलं, "विमलबाईच्या गावच्या का तुमी?"

पायलनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी या गावची सरपंच आहे, ही गाडी माझ्या सहीनं आली, हे सगळं माझ्या जिभेवर येऊन उभं राहिलं होतं. ते मी गिळलं.

"हो," मी म्हटलं. "विमलबाईच्याच गावच्या. दोन हाफ द्या, ब्रह्मपुरी."